रिकाम्या अंगणाचा गुण

भैरोबाच्या माळावर कबड्डीचा सामना लागला की पहिल्या चढाईआधीच पाहुण्यांच्या नावावर एक गुण मांडतात. घरचा संघ एका गुणाने मागे राहूनच खेळायला उतरतो. बाहेरून आलेल्या मंडळींना हा आमच्या नांदवेळचा मोठेपणा वाटतो. डोंबलाचा मोठेपणा! ऐका, म्हणजे कळेल.

या डोंगरात पूर्वी चार लहान कॉलेजं होती, असं सांगतात. शहरातली बडी कॉलेजं त्यांना दारात उभं करीत नसत. तेव्हा नांदवेळ कॉलेजचे खेळाचे सर हणमंतराव शेलार यांनी चौघांची मोट बांधली आणि आपलीच स्पर्धा सुरू केली. भैरोबापुढे नारळ फोडून शपथ झाली, की ही स्पर्धा सोडून कुणी दुसरीकडे खेळणार नाही. पोरं त्या सामन्यांवर जीव टाकत. समोरचा संघ आलाच नाही तर काय, याचाही नियम होता. हजर संघाच्या गड्याने रिकाम्या अंगणात एक चढाई करून परत यायचं, की सामना त्याचा.

मग वाघोशीच्या कॉलेजला शहरातल्या स्पर्धेचं बोलावणं आलं आणि शपथ गेली वाऱ्यावर. गरज सरो, वैद्य मरो! पाठोपाठ दुसरी दोघंही गेली. बोलावणं नांदवेळलाही आलं होतं म्हणे, कारण रघू भोईट्यासारखा चढाईचा गडी चारी कॉलेजांत नव्हता. शेलार सरांनी ते परत पाठवलं. देवापुढे दिलेला शब्द आपण तरी पाळावा, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर थोडी घमेंडही होती.

अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं फक्की टाकून अंगण आखलं, संघ उभा केला. समोर चिटपाखरू नव्हतं.

"रघू, चढाई करून ये," सर म्हणाले. "करंडक आपलाच."

"कुणाला हरवून, सर?" रघू म्हणाला. "शपथ तुम्ही घेतली. खेळायचं वय माझं चाललंय."

तरी तो गेला. दम धरून त्याने मध्यरेषा ओलांडली, रिकामं अंगण पार केलं आणि मागे न वळता शेवटच्या रेषेबाहेर पडून वाघोशीच्या वाटेला लागला. सरांनी पोटच्या पोरासारखा घडवलेला गडी पाठ फिरवून चालला होता. हाक मारावी, चुकलं माझं म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. पण त्यांनी शिट्टी वाजवली, गडी रेषेबाहेर गेला म्हणून बाद दिला आणि न आलेल्या संघाला एक गुण जाहीर केला. ती स्पर्धा तिथेच संपली. वाघोशीनेही रघूला घेतलं नाही म्हणे. त्यांचा संघ केव्हाच भरला होता. पुढे नांदवेळचं कॉलेजही बंद पडलं.

आजही जत्रेला तो गुण आधी मांडतात. पाहुणा संघ बहुतेक येतच नाही. मग गावातल्याच पोरांचे दोन संघ पाडतात आणि नाणं उडवतात. जो हरतो, त्याला घरचा संघ व्हावं लागतं.