एका दिवसात लिहिलेली एक्केचाळीस पाने

त्या राज्यात दर बारा वर्षांनी शिरगणती होई आणि शिरगणतीच्या पानावर जे लिहिले जाई तेच खरे धरले जाई. एखादा प्राणी समोर उभा राहून काही वेगळे सांगू लागला, तर त्याला त्याचे पान दाखवून गप्प केले जाई. लिहिण्याचे काम बगळ्यांकडे होते. एका कुटुंबाला एक पान. त्यावर नावे, वय, मूळ ठिकाण आणि सर्वांत खाली धंदा. ज्यांच्या धंद्याच्या जागी ‘चोर’ असे लिहिलेले होते, त्या कुटुंबांना पोराबाळांसकट सकाळ-संध्याकाळ कुत्र्यांच्या चौकीवर हजेरी द्यावी लागे. पोरांची पोरे झाली तरी तो शब्द पुढच्या पानावर उतरत राहिला.

जुनी पाने एका कोरड्या गुहेत रचून ठेवलेली होती. ढीग इतके, की कोणते पान कुठे आहे हे बगळ्यांनाही सांगता येत नसे. तिथे रोज काही म्हातारे प्राणी येत. आपापल्या कुळांच्या वंशावळी सांभाळणारे हे प्राणी. पणजीचे एक नाव सापडावे म्हणून ते महिना महिना पाने उलटत बसत.

साळिंदर गुरुजींच्या शाळेत ऊर्णा नावाची एक तरुण कोळीण शिकत होती. जाळी विणण्यात तिचा पाय धरणारे कोणी नव्हते. शेवटच्या वर्षी तिने ठरवले, की या सगळ्या पानांवर एकच जाळे विणायचे. एका नावाला पाय लावला की त्याच्या नात्यातले प्रत्येक पान, ते कुठल्याही ढिगात असो, थरथरले पाहिजे. गुरुजींना कल्पना आवडली.

“पण आधी ज्यांना ते वापरायचंय त्यांना विचारून ये,” ते म्हणाले आणि त्यांनी वीस प्रश्न लिहून दिले. दिवसाला किती पाने पाहता? अक्षर लागते का? धागा जाड हवा की बारीक?

पहिल्यांदा तिला टिटवी भेटली. प्रश्न ऐकता ऐकताच टिटवीचा आवाज चढला.

“माझ्या आजीच्या पानावर काय आहे माहितीये? ‘घर नाही.’ आम्ही उघड्यावर अंडी घालतो, म्हणून घर नाही. घर नाही म्हणून तिथं कुणी राहत नाही. आणि कुणी राहत नाही म्हणून आमच्या माळावर बैलांचा तळ बसवला. अंडी सगळी खुराखाली गेली. धागा कसा हवा विचारतेस? जाड घाल बाई. तुटला नाही पाहिजे.”

ऊर्णाने प्रश्नापुढे ‘जाड’ एवढेच लिहून घेतले. आणखी लिहायला गुरुजींनी जागाच ठेवली नव्हती.

सर्वांत शेवटी ती तरसांच्या भिवराआजीकडे गेली. आजीने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. “बस,” म्हणाली आणि डोळे मिटून तिने चौदा पिढ्या सांगायला सुरुवात केली. कोणती लेक कोणत्या डोंगरावर दिली, कोणता भाऊ कोणत्या उन्हाळ्यात गेला, कोण ओढ्यापलीकडे जाऊन राहिले. ऊर्णा एकेका नावाची गाठ आपल्या धाग्यावर मारत गेली. मध्येच चौकीकडून भुंकणे ऐकू आले. आजी अर्ध्या नावावर उठली.

“हजेरी देऊन येते. नाव अर्धं राहिलंय, तेवढं ध्यानात ठेव.”

ती परतली तेव्हा तिच्या पंजाला ओली माती लागलेली होती. पंजाचा ठसा जुन्या ठशाशी जुळतो का, हे कुत्रे रोज दोनदा पाहत. आजीने पंजा गवताला पुसला आणि उरलेले नाव पुरे केले.

“आजी, पण माझे प्रश्न राहिले,” ऊर्णा म्हणाली.

“तुझ्या वीस प्रश्नांत एक प्रश्नच नाही. लिहिलं कुणी?” आजी म्हणाली. “म्हणे माझ्या आजीच्या दारात बगळा आला. म्हणे त्यानं तिला धंदा विचारला. अगं, रानात मेलेलं आम्ही उचलतो. आम्ही नसतो तर या राज्यात नाक वर करून चालता आलं नसतं कुणाला. माझी आजी हे सांगणार नाही? ‘आम्ही चोर’ असं सांगेल? मला काही नको. तिच्या दारात कोण आला होता, तेवढं शोधून दे.”

ऊर्णाला आधी राग आला, कारण तिचा तक्ता कोराच राहिला होता. पण वाटभर तो प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी तिने जाळ्यात एक जास्तीचा धागा घेतला. पान कोणाच्या अक्षरात आहे आणि कोणत्या तिथीला लिहिले, हे सांगणारा.

विणायला चार महिने लागले. पहिल्याच दिवशी एका खवल्या मांजराला लहानपणी ताटातूट झालेल्या भावाचे पान सापडले आणि पान छातीशी धरून ते तिथेच बसून राहिले. ऊर्णाला वाटले, झाले, आपण शिकलो त्याचे सार्थक झाले. मग तिने अक्षराच्या धाग्याला पाय लावला.

एक्केचाळीस पाने एकदम थरथरली. तरसांची, खोकडांची, उदमांजरांची. सगळी एकाच तिथीची आणि एकाच अक्षरातली. सहा डोंगरांवरची घरे, त्यात नदीला पूर आलेला महिना, आणि सगळी एका दिवसात. ऊर्णाने पाने वाचली. प्रत्येक पानावर कुटुंबप्रमुखाचे वय ‘अंदाजे चाळीस’ होते. भिवराच्या आजीच्या नावाच्या जागी नुसते ‘तरशीण’ असे लिहिले होते. त्या दिवशी कुणीही कुणाच्या दारात गेले नव्हते. कुणीतरी सावलीत बसून एका बैठकीत एक्केचाळीस कुटुंबांना चोर केले होते.



आठवड्याने मुख्य बगळा जाळे पाहायला आला. त्याला सगळे रावसाहेब म्हणत. गुरुजी दोन पावले मागे उभे राहिले. ऊर्णाने काहीही न लपवता तो धागा हलवला. एक्केचाळीस पाने थरथरली. जाळ्यात नात्यांचे धागेही होतेच. त्यामुळे थरथर तिथे थांबली नाही. ती लिहिणाऱ्याच्या घराण्याकडे वळली, वर वर चढत गेली, आणि सर्वांत उंच ढिगावरचे एक पान हलू लागले. ते रावसाहेबांचे होते.

“आपल्या आजोबांचं अक्षर आहे हे,” ऊर्णा म्हणाली. “ते कुणाच्याही दारात गेले नव्हते.”

रावसाहेबांनी एक पाय पोटाशी घेतला.

“हा धागा उगाच गुंता करतोय,” ते म्हणाले. “काढून टाका. नात्यांचं काम मात्र झकास. बघू जरा.”

त्यांनी चोच भिवराच्या नावावर टेकवली. तिच्या डोंगरावरची पाने थरथरली. आणि मग ओढ्यापलीकडच्या ढिगातून आणखी एक पान थरथरले. त्यावर नाव होते धुरपा आणि धंदा होता मध गोळा करणे.

“ही भिवराची कोण?”

धुरपा भिवराची नात होती. हजेरीतून सुटावी म्हणून आजीने तिला लहानपणीच ओढ्यापलीकडे धाडले होते, आणि तिथल्या पानावर आजीचे नाव कुठेच नव्हते. ही गाठ ऊर्णाने स्वतः मारली होती.

“रावसाहेब, ते नातं पानांवर नाही. आजींनी विश्वासानं सांगितलं होतं मला.”

“म्हणून तर जाळं उत्तम आहे,” रावसाहेब म्हणाले.

गुरुजी पुढे आले. त्यांनी स्वतःच्या पाठीतला एक काटा उपसला आणि अक्षराचा धागा कापून टाकला.

“गुरुजी, तुम्ही मला विचारायला पाठवलंत! त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि तुम्ही—”

“जाळं शाळेचं आहे, ऊर्णा,” गुरुजी तिच्याकडे न पाहता म्हणाले. “तुझं शिक्षण पूर्ण झालं.”

ऊर्णा जाळ्यावर झेपावली आणि तिने नात्यांच्या गाठी तोडायला सुरुवात केली. तिसरी गाठ तुटेपर्यंत रावसाहेबांसोबत आलेल्या दोन कुत्र्यांनी तिला झटकून गुहेबाहेर फेकले. तिचा एक पाय आतच राहिला.

ती तशीच खुरडत भिवराआजीकडे गेली आणि जे घडले ते सांगितले. काही गाळले नाही. गाठ आपण मारली, हेही सांगितले.

आजीचे सगळे केस उभे राहिले. “चौदा पिढ्या माझ्या जिभेवर होत्या तोवर त्या कुत्र्यांच्या बापाला सापडल्या नाहीत. आणि मी त्या तुझ्यापुढं ओतल्या! का, तर पोरगी शिकलेली आहे, गोड बोलते!”

“मारायचं तर मारा, आजी.”

“तुला मारून गाठ सुटणार आहे का? चढ पाठीवर. धुरपाचे दिवस भरलेत.”

संध्याकाळची हजेरी आयुष्यात पहिल्यांदा चुकवून भिवरा ओढ्याकडे धावत सुटली. वाटेत ऊर्णा तिच्या कानाशी एक्केचाळीस पाने म्हणत होती. तिथी, डोंगर, अक्षर, बगळ्याचे नाव. आजी प्रत्येक ओळ ऐकून परत म्हणत होती, आणि आपल्या वंशावळीत त्या बगळ्याची जागा कुठे हे ठरवत होती.

सकाळी त्या पोहोचल्या तेव्हा धुरपाच्या दारात बगळा आधीच उभा होता. तरसाच्या दारात बगळा येण्याची त्या राज्यातली ती पहिलीच वेळ. सोबत दोन कुत्रे होते. धुरपा परवाच व्यायली होती आणि पिल्लाला पोटाखाली घेऊन दात दाखवत बसली होती. एका कुत्र्याने तिची मान दाबून धरली. भिवरा गुरगुरत पुढे झाली तशी दुसऱ्याने तिची वाट अडवली.

बगळ्याने पान जमिनीवर पसरले. त्यावर सगळे आधीच लिहून वाळलेले होते. फक्त नावाची जागा मोकळी होती.

“नाव काय?”

“बारसं व्हायचंय अजून,” धुरपा खालूनच म्हणाली.

“राहू दे. नावावाचून काही अडत नाही.”

पिल्लाचे डोळे उघडले नव्हते. बगळ्याने त्याचा पुढचा पंजा शाईत बुडवला, पानाच्या तळाशी लिहिलेल्या शब्दावर दाबला आणि पान गुंडाळले. पिल्लाने हवेत तोंड फिरवून आईला शोधले, आणि ती सापडेना तेव्हा ते तो शाईचा पंजा तोंडात घेऊन चोखू लागले.