न उघडलेलं मागचं दार

जंगलाच्या पोटात एक भुयारी रेल्वे स्टेशन होतं. सिंहमहाराजांनी त्याचं तीनदा उद्घाटन केलं होतं, त्यामुळे ते चांगलंच असणार अशी प्रजेची खात्री होती. तिथे यमुनाबाई नावाची सायाळ फरशी पुसायची.

एका सकाळी मोठ्या जिन्याखालून धूर येऊ लागला. यमुनाबाई ओरडली, "आग! चला बाहेर!"

कुणी हललं नाही. एकही मेंढी पळत नव्हती, म्हणजे काळजीचं कारण नाही असं प्रत्येक मेंढीला वाटलं. माकडांनी मोबाइल काढले. ससा म्हणाला, "तिकीट काढलंय मी. गाडी आल्याशिवाय कसा जाऊ?"

म्हैस तर जिन्याकडेच निघाली.

"अहो, तिकडे जाळ आहे!"

"असू दे. आमच्या घराण्यात पहिल्यापासून हाच जिना वापरतात."

तेवढ्यात भोंग्यावर स्टेशनप्रमुख सरडेराव बोलू लागले. "बंधुभगिनींनो, महाराज कळवतात, हा धूर नव्हे, हे विकासाचं धुकं! विरोधक त्याला धूर म्हणतात."

टाळ्या पडल्या. खोकत खोकत पडल्या.

यमुनाबाईला मागचं दार ठाऊक होतं. तिने काटे फुलवले, तशी गर्दीने वाट दिली. दाराला लाल फीत बांधलेली, आणि फितीला सरडेराव चिकटलेले.

"ही फीत महाराज कापणार. पुढच्या महिन्यात."

"साहेब, तोवर राख होईल आमची!"

"तुम्हाला मदत जाहीर होईल. फीत तुटली तर मला कोण वाचवणार?"

नोकरी गेली तर पिल्लांना खायला काय घालणार? पण मागे एक कोकरू निपचित पडलं होतं. तिने डोळे मिटून फीत कुरतडली.

दार उघडलं. एक मेंढी पळाली, मग सगळ्याच पळाल्या. यमुनाबाईने म्हशीला मागून काटा टोचून दाराकडे वळवलं, कोकरू तोंडात धरलं आणि शेवटी बाहेर पडली. सरडेराव केव्हाच बाहेर पोचून मुलाखत देत होते.

चौकशी समितीने अहवाल दिला, की आग लागलीच नव्हती आणि ती महाराजांनी विझवली. अनधिकृत उद्घाटन केलं म्हणून यमुनाबाईला कामावरून काढलं.

कोकराची आई तेवढी तिला भेटायला आली. तिचे डोळे भरून आले होते.

"यमुनाबाई, तुमच्यामुळे माझं लेकरू वाचलं. जन्मभर विसरणार नाही."

"मग निवडणुकीत तरी विचार करा, बाई."

"छे हो, मत महाराजांनाच! आग लागलेली असताना ती नाहीच असं सांगून इतका धीर देणारा दुसरा आहे कोण?"