पेंढ्याचे आईबाप

फार मागे, इतकं मागे की तेव्हाचं माणूस आज कुणाच्या आठवणीतही उरलेलं नाही, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त नीट ऐका. गोष्ट तुमचीच आहे, आणि ती तुम्हाला आवडणार नाही.

त्या गावात एक रीत होती. घरातलं मोठं माणूस परमुलखाला निघालं, की त्याच्या जागी पेंढ्याचं माणूस करायचं. जाणाऱ्याचे अंगावरचे, न धुतलेले कपडे त्याला घालायचे आणि ओसरीवर बसवायचं. दुपारी त्याला पानावर घ्यायचं. त्याचा मान खऱ्या माणसाइतकाच ठेवायचा. जाणारा परत आला की त्यानं स्वतःच्या हातानं तो पेंढा अंगणात जाळायचा, आणि मगच घरात जेवायचं.

रीत अर्थात मोठ्यांनीच घातलेली. आपण नसतानाही आपला धाक मागे राहावा, याची सोय माणसं फार डोकं लावून करतात.

गावात एक नवराबायको होती. त्यांना दोन मुली. थोरली नऊ वर्षांची, धाकटी तीन. एकदा गावात आलेल्या एका फिरस्त्यानं सांगितलं की समुद्रापलीकडे अशी बेटं आहेत जिथले मोर पांढरे असतात आणि वाळू उन्हात गाते. नवराबायकोला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. दोघांनी पेंढा आणला आणि दोन माणसं केली.

"सुगीच्या आत येऊ," बाप म्हणाला.

"आणि धाकटी आजारी पडली तर?" थोरलीनं विचारलं.

बाप हसला. "मग आम्ही आहोतच की ओसरीवर. आम्हाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. काय?"

आईनं पेंढ्याच्या बाईचे गुडघे वाकवून घट्ट बांधले. "ही बघ, मांडीसुद्धा केलीय. झोप आली की इथं डोकं ठेवायचं."

असं म्हणून दोघं गेली.

सुगी आली आणि गेली. पांढरे मोर बघून झाले, तेव्हा पुढच्या बेटावर उलटे वाहणारे झरे आहेत असं कळलं. त्याच्या पुढे आणखी एक बेट होतं. बघायला काय, संपतच नाही. बारा वर्षं गेली. तेराव्या वर्षी एका सकाळी बायको म्हणाली, "चला आता घरी." नवरा म्हणाला, "चला." इतकं सोपं होतं ते. कधीही म्हणता आलं असतं.

गावाच्या शिवेवर दोघं पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. सावल्या पायाखाली दडल्या होत्या. विहिरीवर एक म्हातारी पाणी भरत होती.

"मामी, ओळखलंत का?" नवऱ्यानं विचारलं.

"न ओळखायला काय झालं? सकाळीच तर ओसरीवर बघितलं दोघांना. बाहेर कधी पडलात?"

"ते आम्ही नाही हो. ते पेंढ्याचे."

म्हातारीनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पायांकडे जरा जास्त वेळ बघितलं. "असेल बाबा," म्हणाली, आणि अर्धी भरलेली घागर उचलून चालू लागली. मागे वळून बघितलं नाही.

घराची ओसरी रिकामी होती. दारात कुत्रा बसला होता. त्यानं मान वर केली, हवेत नाक फिरवलं आणि मान परत खाली टाकली. भुंकला असता तर बरं वाटलं असतं.

उंबऱ्यात एक तरुण बाई येऊन उभी राहिली. थोरली. हात पिठाचे.

"कोण पाहिजे?"

"अगं, आम्ही," बाप म्हणाला. "तुझे आईबाबा."

"ते जेवतायत."

आईनं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. चुलीपाशी तिघं पाठमोरी बसली होती. बापाचं मुंडासं. आईचं हिरवं लुगडं. आणि दोघांच्या मधोमध लाल परकर नेसलेली एक चिमुरडी, दोन वेण्या घातलेली.

आई थोरलीला बाजूला सारून आत धावली आणि तिनं त्या चिमुरडीला छातीशी धरलं.

"माझी धाकटी ती. किती गं हलकी झालीस. पण आहेस तश्शीच, बाई. जरासुद्धा बदलली नाहीस."

तिच्या गालाला काहीतरी टोचलं. बघते तर वेणीतून पेंढ्याची काडी बाहेर आलेली.

"बारा वर्षं झाली," थोरली मागून म्हणाली. "तिनं वाढायला नको होतं?"

चुलीत लाकूड तडकलं.

"दुसऱ्या थंडीत तिला ताप आला," थोरली सांगू लागली. आवाज चढला नाही, उतरला नाही. "वैद्य नदीपलीकडे. गावातल्या मोठ्या माणसांकडे गेले, म्हटलं गाडी जुंपा. ते म्हणाले, आईबाप ओसरीवर बसलेत, त्यांना विचार. ते हो म्हणाले की जुंपतो. मी विचारलं. तीन दिवस विचारत होते."

"मग?" बाप म्हणाला.

"चौथ्या दिवशी विचारायचं कारण उरलं नाही."

आईचे ओठ हलले. "शेवटी कुणाजवळ होती ती?"

"हिच्या मांडीवर." थोरलीनं पेंढ्याच्या बाईकडे बोट केलं. "मांडी तुम्हीच करून गेला होतात. पुढच्या वर्षी पेंढा कुजला. नवा पेंढा घेतला, तिचंही एक केलं, आणि तिची गोधडी फाडून तिघांत भरली. तेव्हापासून ही माणसं गार पडत नाहीत."

बापाला राग आला. चुकलेल्या मोठ्या माणसाला आधी रागच येतो. दुसरं काही त्याला शिकवलेलंच नसतं.

"पुरे झालं हे. रीत आहे. मालक आला की पेंढा जाळायचा. आण चूड."

"चूल पेटलेली आहे. घ्या तुम्हीच."

बाप पुढे झाला आणि त्यानं मुंडासेवाल्याचं मनगट धरलं. मनगट ऊन होतं. बोटांखाली काहीतरी उडत होतं, बारीक, एका लयीत. त्या माणसानं मान वळवली नाही. फक्त त्याचा दुसरा हात सावकाश उठला आणि चिमुरडीच्या पाठीवर जाऊन थांबला, कुणी दारात आलं की बाप ठेवतो तसा.

बापानं मनगट सोडलं. बायकोला दंडाला धरून तो मागे मागे सरकत अंगणात आला.

थोरलीनं टोपलीतून एक भाकरी घेतली आणि तुकडा मोडला. लांबून आलेल्या माणसाच्या मागे नको ते काही लागून येतं, म्हणून त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून बाहेर टाकतात. मागे जे आलं असेल त्यानं तो खावा आणि उंबऱ्याबाहेरच राहावं. आईबापाला हे ठाऊक होतं. दोघं अंगणात पाय जुळवून, माना वाकवून उभी राहिली. चला, ओवाळतेय म्हणजे आत घेणार.

थोरली वळली. तिनं तुकडा आतल्या तिघांवरून ओवाळला. मग उंबऱ्याशी आली आणि बाहेर टाकला.

तुकडा बापाच्या पायाशी पडला. आपल्याच शेतातल्या जोंधळ्याची भाकरी, ऊन ऊन. दोन दिवस पोटात काही नव्हतं आणि बारा वर्षांत हा वास नाकात नव्हता. बाप वाकला. त्यानं तुकडा उचलला आणि अर्धा बायकोला दिला. बारा वर्षं दोघांनी सगळं वाटून खाल्लं होतं. हेही वाटून खाल्लं.

खाऊन तो उंबऱ्याकडे पाऊल टाकायला गेला. पाय उचलला गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघं शेताच्या बांधावर उभी दिसू लागली. वारा आला की त्यांच्या बाह्यांतून वाळलेल्या पातीसारखी सळसळ येते. पाखरं त्यांच्या खांद्यावर बसून कणसं खातात. त्यांना घाबरत नाहीत.

गावातली मोठी माणसं एकदा थोरलीकडे आली. तीच, गाडी न जुंपणारी.

"काही झालं तरी आईबाप आहेत, पोरी," ती म्हणाली. "घे त्यांना आत."

"आईबाबांना विचारते," थोरली म्हणाली. "ते हो म्हणाले की घेते."

ती आजही रोज दुपारी विचारते.

जो आपल्या जागी पेंढा बसवून जातो, त्यानं परतल्यावर माणसाची जागा मागू नये.