किल्ल्यातली तीनशे माणसे

एकदा एका शिक्षिकेने दोन वर्षे खपून संगणकावर किल्ला उभा केला. नुसते चित्र नव्हे. कळ दाबत गेले की पाहणारा दरवाजातून आत शिरे आणि पेठेतून हिंडे. पेठेत तीनशे माणसे होती, प्रत्येक जण आपापल्या वाटेने चालणारा. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रदर्शनात हा किल्ला गावाला दाखवायचा होता. पण पेठ आली की चित्र अडखळत असे.

त्या गावी संगणक जोडणारे एक वृद्ध कारागीर होते. सगळे त्यांना नाना म्हणत. जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या झाकणाला आतून आपले नाव आणि तारीख लिहायची, हा त्यांचा रिवाज. त्यांच्या शिष्येला मात्र चार वर्षांत एकाही झाकणावर नाव लिहायला मिळाले नव्हते.

बाई आपला संगणक नानांकडे घेऊन आल्या, तेव्हा तिने त्यांना शब्द दिला होता, "चित्र रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. नवं बसवते, मग बघा कसा पळतो."

कार्ड बसले, किल्ला सुरू झाला, पेठ आली. आणि चित्र तसेच अडखळले.

"काय गं, तुझं घोडं अजून पेंडच खातंय की!" बाई हसल्या खऱ्या, पण चेहरा उतरला होता.

शिष्येचे कान तापले. भार हलका करावा म्हणून तिने सावल्या काढल्या, दगडांवरचे बारकावे पुसले. तटबंदी सारवल्यासारखी सपाट झाली. अडखळणे राहिलेच.

"नाना, सगळे हिशेब करणारा हा प्रोसेसर नऊ वर्षांचा झालाय. भंगारात द्यायचा आता."

तो प्रोसेसर नानांनीच बसवला होता. ते खुर्ची ओढून बसले, सावल्या परत आणल्या आणि दगडांवरचे बारकावे पूर्वीच्या दुप्पट केले.

"अहो, आधीच त्याला झेपेना, त्यात ओझं वाढवताय?" शिष्या म्हणाली.

किल्ला सुरू झाला. चित्र अडखळले, पण पूर्वीइतकेच. तसूभरही अधिक नाही. तटाचा दगड न् दगड मात्र उन्हात उजळला होता.

शिष्या मग हळूच म्हणाली, "म्हणजे कार्ड रिकामं बसलं होतं?"

"वाट बघत होतं," नाना म्हणाले. "कोणी कुठे वळायचं ते हा जुना प्रोसेसर ठरवतो, मग नवं कार्ड रंगवतं. तीनशे माणसं हा एकटा चालवतोय. ज्याला झेपत होतं त्याचं काम तू काढून घेतलंस. जो वाकला होता त्याचं एकही ओझं उतरवलं नाहीस, आणि वर त्यालाच भंगारात काढायला निघालीस."

शिष्या बाईंकडे वळली. "पेठेतली बहुतेक माणसं दुकानांत बसवली तर चालतील?"

"चालतील म्हणजे? दुकानदार बसूनच असतात की!"

तासाभरात दोनशे साठ माणसे गाद्यांवर टेकली, चाळीस चालती राहिली. शिष्येने कळ दाबली. दरवाजा, चढण, पेठ... चित्र कुठेही अडले नाही. बाई पडद्यावरच्या बुरुजावर जाऊन थांबल्या आणि ताठ बसून म्हणाल्या, "हा माझा किल्ला!"

शिष्या झाकण लावू लागली, तेव्हा नानांनी खिशातले पेन तिच्यापुढे धरले. आत त्यांचे नऊ वर्षांपूर्वीचे नाव होते. त्याखाली तिने आपले नाव लिहिले, तारीख घातली, आणि जरा थांबून आणखी एक ओळ लिहिली: 'प्रोसेसर जुनाच. उत्तम.'