डोहाचे अकरा मासे

“पाणी इतकं निर्मळ आहे बाबा, मग हे मासे मरतात कशानं?” हेरंबाने विचारले.

 भानगिरी गोसावी मठाच्या ओवरीत मांडलेल्या काचेच्या टाकीकडे पाहत राहिले.

टाकीत अकरा मासे होते. आठ दिवसांपूर्वी एकोणीस होते.

बोटभर लांबीचे, कल्ल्यामागे कुंकवाच्या टिकलीएवढा तांबडा ठिपका. मठाखालच्या ओढ्यातल्या डोहाखेरीज ते अन्यत्र कोठे कोणी पाहिले नव्हते. देवाचे मासे म्हणून गावाने पिढ्यान् पिढ्या त्या डोहात गळ टाकला नव्हता. यंदा चैत्रातच डोह आटला आणि उरल्या चिखलातून हे जीव ओंजळीने उचलून आणावे लागले. पावसाने डोह भरेपर्यंत त्यांना जगवायचे होते. हे गेले, की वंश बुडाला.

ते काम हेरंबाने मागून घेतले होते. बाबांच्या पायाशी बसून तो ओढा वाचायला शिकला होता. पुढे शहरात जाऊन तो काचेत ओढे वसवू लागला आणि त्या कलेत त्याचे नाव झाले. “ओढ्याला लाजवील असा ओढा करून दाखवतो,” असे तो साऱ्या गावासमोर बोलून चुकला होता.

केलाही त्याने तसा. डोहातलेच गोटे, डोहातलीच वाळू, काठच्याच पाणवनस्पती. कोपऱ्यात फिल्टर घरघरत होता. पाणी असे, की मासे अधांतरी असल्याचा भास व्हावा.

पण ते पोहत नव्हते. पृष्ठभागाला तोंडे लावून हवा गिळत होते.

टप्... टप्...

“मी कशात कमी पडलो ते तरी सांगा,” हेरंब म्हणाला. “गोटे घासले, उकळले. वाळू चाळीस पाण्यांनी धुऊन आणली. शेवाळाचा ठिपका दिसला की खरवडतो. पान गळून तळाला टेकायच्या आत चिमट्यानं उचलतो. फिल्टरमधला स्पंज रोज उकळत्या पाण्यातून काढतो, रोज! आता पाणी बदलावं, तर विहिरीनं तळ गाठलाय.”

“ओढ्यातून काय काय आणलंस?”

“सगळं.”

“आणि काय आणलं नाहीस?”

“घाण.” त्या शब्दात थोडा अभिमान होता.

“हं...”

बाबांनी काचेवर बोट टेकवले. “लग्नाचा मांडव घातलायस रे. शोभा उदंड. नांदत मात्र कोणी नाही.”

टोमणा वर्मी लागला. हेरंब काही बोलणार, तोच एक मासा कुशीवर कलंडला, धडपडत सरळ झाला, पुन्हा कलंडला.

“बाबा... आणखी एक चालला.”

बाबा उठले. धावले नाहीत, अंगणात उतरले.

अंगणात हातभर लांबीची दगडी डोणी होती. तिच्यातले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे, तळाशी कुजक्या पानांचा थर. विहिरीतले तीन साधे मासे त्या पाण्यात नऊ वर्षे सुखाने राहत होते. चौथ्याला तिथे जागा नव्हती. पन्हळीच्या तोंडाशी काथ्याची एक जुडी अडकवलेली होती, पाणी तिच्यातून झिरपत डोणीत पडे. ती जुडी कोणी कधी काढली नव्हती, धुतली तर नव्हतीच.

बाबांनी ती ओढून काढली. काळी, बुळबुळीत, तिच्यातून गाळ ठिबकत होता. ते ओवरीत परत आले, टाकीपाशी थांबले आणि हात पाण्यावर नेला.

हेरंबाने त्यांचे मनगट धरले. बारा वर्षांत त्याने गुरूच्या अंगाला पायांखेरीज कोठे स्पर्श केला नव्हता.

“मारायचेत का त्यांना?”

“मनगट सोड.”

“बाबा, हे देवाचे मासे आहेत!”

“म्हणूनच सोड.”

फिल्टरची घरघर तेवढी चालू होती. टप्... टप्...

हेरंबाची बोटे एकेक करून सुटली.

बाबांनी जुडी पिळली. काळपट धार स्फटिकासारख्या पाण्यात उतरली, उलगडली, आणि पाहता पाहता गोटे गेले, वाळू गेली, मासे गेले. मग त्यांनी ती जुडीच फिल्टरच्या तोंडाशी खोचून दिली. “माशांची घाण खाणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव हिच्यात नांदतात; तू ते रोज उकळत होतास.”

आठ दिवसांचे तप काचेमागे गढूळ होऊन उभे होते.

“आता मी काय करू?”

“हात मांडीखाली घेऊन बस.”

“किती वेळ?”

“हातांना सवय होईपर्यंत.”

हेरंब बसला. त्या दिवशी त्याने जाळी सहा वेळा उचलली आणि सहा वेळा खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दोनदा. मासे दिसत नव्हते. पृष्ठभागाशी होणारा तो आवाज तेवढा ऐकू येई, आणि त्या आवाजावरच तो श्वास घेत असे. आवाज आहे, म्हणजे कोणी तरी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज थांबला.

हेरंब ताडकन उठला. जाळी त्याच्या हातात होती, हात टाकीच्या काठावर. “बाबा! एकही आवाज नाही... संपलं का हो सगळं? घालू का हात?”

बाबा खांबाला टेकून जपमाळ ओढत होते. 

गाळ आता गोट्यांवर बसू लागला होता. तळाशी एक पान पडले होते. हेरंबाचा चिमटा त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. ते पान हलले. त्याच्याखालून तांबडा ठिपका बाहेर आला. मासा गोट्यापाशी गेला, त्यावरच्या काळ्या लेपाला तोंड लावून स्वस्थपणे चरू लागला. त्याच्यामागे दुसरा आला.

हेरंब आनंदाने पुढे वाकला. त्याची सावली पाण्यावर पडली, आणि दोघेही क्षणात धुक्यात शिरले.

“गेले!” तो व्याकुळ होऊन म्हणाला. “बाबा, ते मला दिसेनासे झाले...”

माळेचा एक मणी पुढे सरकला.

“तूही त्यांना दिसेनासा हो.”