रोपांचा सत्कार

"पण बाबा, प्रवचनाच्या गादीवर मी बसायचं तरी कधी?"

हेरंबने पुन्हा विचारलं. गावोगावी प्रवचनं करून तो दुपारीच मठात परतला होता. सोबत सत्कारात मिळालेल्या शालींचं भलंमोठं गाठोडं. त्यातली सगळ्यात उंची, जरीकाठाची शाल त्याच्या खांद्यावर होती.

चिमणबाबा वाफ्यापाशी उकिडवे बसले होते. नाक वर करून त्यांनी वारा हुंगला.

"उत्तरेकडून सुटलाय. पहाटे हिव पडणार."

"मी गादीचं विचारतोय..."

"मी वांग्यांचं सांगतोय."

वाफ्यांत वांगी-मिरचीची बोटभर रोपं डुलत होती. दर वर्षी सगळं गाव इथूनच रोपं नेई. ती करपली, तर उन्हाळ्यात कुणाच्याच परसात भाजी नसणार होती. आणि संक्रांत उलटली, थंडी गेली, म्हणून मठातली गोणपाटं बाबांनी गावात तूर भरायला देऊन टाकलेली.

"मग झाकायचं कशानं?"

बाबांनी गाठोड्याकडे पाहिलं.

"बाबा, त्या मानाच्या आहेत!"

"मग मानानंच घाल."

...

रोपांवर भार नको म्हणून दोघांनी तुरीच्या काड्या रोवल्या. हेरंबने पहिली शाल त्यांच्यावर भिरकावली.

"अरे अरे! असा करतात सत्कार? दोन शब्द बोल की."

हेरंबने खांद्यावरची शाल सावरली. मग सभेतला आवाज काढला. "आपल्या... आपल्या होतकरू वांग्यांना ही शाल सादर अर्पण..."

बाबांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि नारळ?" हेरंबने विचारलं.

"तो आपण खाऊ. त्यांना दात कुठायत?"

हेरंबला हसू फुटलं. पुढच्या वाफ्यापुढे तो आपणहून कमरेत वाकला. मिरच्यांच्या तिखट स्वभावावर तर त्याने छोटं भाषणच ठोकलं.

सूर्य टेकला. गाठोडं रिकामं झालं. कोपऱ्यातला एक वाफा उघडाच राहिला.



हेरंबने जरीकाठावरून एकदा हात फिरवला. मग खांद्यावरची शाल उतरवून हळूच त्या वाफ्यावर पांघरली. या वेळी त्याला दोन शब्दही सुचले नाहीत.

...

सकाळी गवताची पाती पांढरी, ताठ झाली होती. शालींवर हिवाचा चुरा. हेरंबने जरीची कड उचलून आत डोकावलं.

"बाबा! जगली! सगळी जगली!"

तो वाफ्यांच्या मधून नाचतच आला.

"शाली अशाच राहू द्या. गाव येऊन बघू दे. काय सभा भरलीय!"

"हं..."

"आणि बाबा... आता बसू गादीवर?"

ऊन वाफ्यांवर उतरलं होतं. ओल्या शालींतून वाफ निघत होती. आतली रोपं आता घुसमटणार होती.

बाबांनी जरीच्या शालीचं टोक त्याच्या हातात दिलं.

"काढ. सत्कार झाला. आता वाढू दे त्यांना."