कुरकुरीचा कातळ

हा काळा, पाठीसारखा वाकलेला दगड दिसतो ना, तो कुरकुरीचा कातळ. खुशाल टेका पाठ, देव नाही तो. फक्त एक सांभाळा. आमच्या वाडीत असेतोवर "असू दे" म्हणू नका. चहात साखर कमी पडली तर कमी पडली म्हणा, बसायला अडचण झाली तर तसं सांगा. मागे एक पाहुणे आले होते. पायावर बैलाचा पाय पडला तरी त्यांचं "असू दे, असू दे" चाललेलं. बायांनी त्यांना इथे बसवलं आणि सगळी तक्रार वदवून घेतल्याशिवाय जेवायला वाढलं नाही. बैलापासून सुरुवात झाली आणि शेवटी त्यांच्या मेहुण्यांची तक्रार बाहेर पडली!

ही रीत पडली ती मात्र एका खुनावरून.

असे सांगतात, की वर गडावर शिबंदी होती त्या काळात इथे सुभाना आणि दौलता असे दोन शेजारी राहत. दोघांकडे एकेकच बैल. एका बैलाने नांगर चालत नाही, म्हणून दोघांची सावड होती. दोन बैलांची मिळून एक जोडी करायची, आधी एकाचं रान नांगरायचं, मग दुसऱ्याचं. दौलता बोलघेवडा, हसरा आणि जरा आपमतलबी. दरसाल पहिली नांगरट त्याचीच. सुभानाची पाळी येईपर्यंत जमिनीतली ओल उडून जाई आणि बिचारा हाताने ढेकळं फोडत बसे. म्हणायचा, "असू दे." त्याच्या घागरीतलं पाणी दौलता आधी प्यायचा, तरी "असू दे." गाव म्हणायचं, माणूस असावा तर असा. सासवा सुनांना त्याचं उदाहरण द्यायच्या.

आणि एके सकाळी ह्याच कातळापाशी सुभानाने जुवातली शिवळ उपसली, म्हणजे बैलाच्या मानेशी असतो तो लाकडी दांडका, आणि दौलताच्या डोक्यात घातली. दौलता जागीच गेला.

गावाला काही उमजेना. भूतबाधा म्हणावी तर भगत नाही म्हणाला. दारू म्हणावी तर हा गडी ताकावर राहणारा. शेवटी सगळ्यांनी ठरवलं, समजून घेऊन करायचंय काय, कड्यावरून लोटून द्यावा. त्याला ओढत नेऊ लागले तेव्हा दौलताची बायको गोजराबाई आडवी आली. रडून डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"ह्येला ढकललंसा तर माझा सवाल बी दरीत जाईल. माझा धनी का मेला, त्ये मला कळाय हवं. दुसरं कोन सांगनार हाय?"

तिने सुभानाला कातळावर बसवलं आणि समोर फतकल मारली. "बोल. का मारलास?"

"ठावं न्हाई, वैनी."

ती उठली नाही. तेव्हा म्हणे तो हळूहळू बोलू लागला. उडून गेलेली ओल, ढेकळं, घागरीतलं पाणी, त्याच्या बैलाला म्हातारा म्हणून हसणं. त्यातल्या कुठल्याही एका गोष्टीवरून माणूस दारसुद्धा आपटणार नाही. त्या सकाळी दौलता एवढंच म्हणाला होता, "सुभानाला काय, चालतंय समदं!" आणि हे तर तो रोजच म्हणायचा.

"मग त्याच दिशी का?"

"त्येच मला कळत न्हाई."

तेव्हा ती ओरडली, "आरं, तवाच शिवी हासडायची व्हतीस! त्यानं बी तुला दोन हासडल्या असत्या, आन् मी दोघांस्नी भाकरी वाढली असती!" मग गावाकडे वळली. "आन् तुमी! गुनाचा, गुनाचा म्हनून त्येचं त्वांड शिवलंसा!"

मला विचाराल तर मला ह्या बाईचा फार अभिमान वाटतो. तिच्यावरच आभाळ कोसळलेलं, आणि गावात शहाणी तीच एकटी.

तिने सुभानाला जगू दिलं, पण सोडलं नाही. जन्मभर आधी तिचं रान नांगरायचं, आणि दरसाल नांगर धरण्यापूर्वी कातळावर येऊन तिच्या सवालाला उत्तर द्यायचं. दरसाल तो आणखी काहीतरी आठवून सांगे आणि दरसाल ती म्हणे, "ह्ये बी पुरं न्हाई." माफी तिने शेवटपर्यंत दिली नाही. त्यांचं झालं की बाकीचे गावकरीही पुढे होऊन आपापली गाऱ्हाणी मोकळी करू लागले.

आजही पहिल्या नांगरटीच्या सकाळी सगळी वाडी इथे जमते. काय एकेक ऐकायला मिळतं! जाऊबाईंचं घोरणं, शेजाऱ्याचा कोंबडा, सरपंचांची भाषणं. गेल्या साली आमच्या घरधनीणबाईंनी माझ्या चहा फुरकण्याची अशी नक्कल केली, की लोक हसून लोळले. तेव्हापासून मी बशी सोडली, कपाने पितो. नंतर सगळ्यांना पोळ्यांचं जेवण असतं.

पण ह्या सगळ्याच्या आधी गोजराबाईच्या घरचं माणूस उठतं आणि सुभानाच्या घरच्या माणसासमोर उभं राहतं.

"तुमच्या मानसानं आमचा मानूस का मारला?"

समोरचा मान खाली घालत नाही. म्हणतो, "मारला, ह्ये खरं. का, त्ये अजून पुरतं कळलं न्हाई."

"मग पुढल्या सालाला परत इचारीन," पहिला म्हणतो, आणि दोघे मिळून बैल जुंपायला जातात.